मेंढीच्या कुशीला कान

शंभूराज ठरवून खोटं बोलला होता असं कुणी म्हणू शकणार नाही. पुण्यातल्या एका सभागृहात तो ताऱ्यांवर व्याख्यान देत होता, समोरची मंडळी एकेक करून जांभया देऊ लागली होती, आणि घाबरलेला माणूस हाताला येईल ते धरतो तसं त्याने तोंडाला आलं ते धरलं. तोंडाला नेमका बाप आला.

विषय खरं तर रुक्ष नव्हता. भात उकळायला लागला की पातेल्यावरचं झाकण कसं थरथरतं, तसा तारा आतल्या खदखदीने सतत थरथरत असतो. त्या खदखदीतून आवाजाच्या लहरी उठतात, ताऱ्याच्या पोटातून जातात, फिरून वर येतात, आणि त्याचा पृष्ठभाग किंचित वर-खाली होत राहतो. तो आवाज आपल्यापर्यंत येत नाही, कारण मधे हवाच नाही. पण त्यापायी ताऱ्याचा उजेड अगदी कणभर कमी-जास्त होतो, आणि अवकाशातली दुर्बीण एकाच ताऱ्याकडे महिनोन्‌महिने टक लावून तेवढा फरक टिपते. त्या थरथरीचे सूर वेगळे काढले की ताऱ्याच्या पोटात काय चाललंय ते कळतं. गाभ्यातल्या हायड्रोजनचं हेलियम होत जातं, तसा तिथून जाणाऱ्या लहरींचा वेग बदलतो, त्यांचे सूरही सरकतात. आणि ते किती सरकले यावरून ताऱ्याचं वय काढता येतं. शंभूराजने एका ताऱ्याचं वय असंच काढलं होतं. साडेसहा अब्ज वर्षं, म्हणजे आपल्या सूर्याहून बराच थोरला. काम चोख होतं. परदेशातल्या जाणत्या लोकांनी ते खालीवर करून तपासलं होतं आणि कुणाला त्यात खोट सापडली नव्हती.

पण चोख कामाला टाळ्या पडत नाहीत. म्हणून त्याने पडद्यावरचा आलेख बाजूला सारला आणि म्हणाला, "माझे वडील मेंढपाळ आहेत. ते मेंढीच्या कुशीला कान लावतात, डोळे मिटतात, आणि आतल्या आवाजावरून तिचं वय सांगतात. मी ताऱ्यांना कान लावतो. आमच्या घराण्याचा धंदा एकच."

सभागृह जागं झालं. एक बाई तर डोळे पुसत त्याला भेटायला आल्या.

आता मेंढीचं वय दातावरून कळतं, हे इंदापूर तालुक्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. खालच्या जबड्यातले दुधाचे दोन दात पडून मोठे आले की दोन दाती, मग चार दाती, सहा दाती, आणि सगळे आले की जुळलेली. कुशीला कान लावून फार तर मेंढीचं पोट गुडगुडतंय का ते कळेल. शंभूराज अंथुर्ण्याचा, मेंढरांच्या वाड्यावर लहानाचा मोठा झालेला. त्याला हे माहीत नसतं तर कुणाला? पण पुण्यात मेंढीचे दात कुणी पाहिले होते? त्यात गंमत अशी, की याच शंभूराजने कॉलेजातली सगळी वर्षं, वडील काय करतात असं कुणी विचारलं की "शेती" म्हणून वेळ मारून नेली होती. मेंढरांची लाज वाटायची तेव्हा मेंढरं लपवली, आणि मेंढरांना टाळ्या पडतात म्हटल्यावर ती व्यासपीठावर आणून उभी केली. दोन्ही वेळा बापाला विचारलं नाही.

एकदा चाललं ते पुन्हा चालवलं. पुढच्या व्याख्यानात मेंढी काळी झाली. त्याच्या पुढच्या व्याख्यानात माळावर चांदणं पडलं आणि वडिलांच्या डोक्यावर लाल फेटा आला. एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत अर्धं पान छापून आलं. कुणीतरी त्या तेवढ्या तुकड्याचा व्हिडिओ केला, आणि तो फिरत फिरत एक दिवस अंथुर्ण्यात जाऊन पोचला.

"तुझा यिडिओ बघितला ह्यांनी," त्याची आई भागूबाई फोनवर म्हणाली. "पुन्यांदा लावाय सांगितला."

"काय म्हणाले तात्या?"

"काय न्हाय. फेटा झटकला आन गेलं मेंढरांकडं."

गावाने मात्र सोडलं नाही. पारावरचे लोक एखादी मेंढी शंभूराजच्या वडिलांपुढे, गेणूतात्यांपुढे, मुद्दाम आणून उभी करायचे. "तात्या, हिचं प्वाट काय म्हणतंय बघा की." तात्या हसायचे आणि म्हणायचे, "आज कान दुखतुया बाबा." लेक खोटं बोलला असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. खरं बोलला असंही सांगितलं नाही. शंभूराजला हे आईकडून कळायचं, त्याला त्या दिवशी जेवण जायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो कामाला लागायचा. शरम ही चीज अशी आहे की तिला वेळ दिला नाही तर ती काही दिवस गप्प बसते.

मग बारामतीच्या एका कॉलेजातून बोलावणं आलं. शंभूराजने होकार दिला तो एक गोष्ट मनाशी पक्की करून: इथे मेंढी काढायची नाही. बारामतीत निम्मी मुलं आजूबाजूच्या गावांतून एसटीने येणारी, त्यांच्या घरी गोठे, त्यांच्या घरी मेंढरं. इथे ती गोष्ट सांगणं म्हणजे मासळीबाजारात मासे कसे निवडायचे हे शिकवायला जाणं. नुसते तारे सांगायचे, चोख सांगायचे, आणि यायचं.

तो सकाळी गाडी घेऊन कॉलेजच्या फाटकातून आत शिरला तेव्हा पहिल्यांदा त्याला दिसला तो भलामोठा फ्लेक्स. त्यावर एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला दुर्बीण, आणि मधोमध फेटा बांधलेले गेणूतात्या. खाली मोठ्या अक्षरांत 'प्रत्यक्ष प्रात्यक्षिकासह'. फ्लेक्सच्या मागे लिंबाच्या झाडाला एक मेंढी बांधली होती आणि ती निवांत घास खात होती.

शंभूराज गाडीतून उतरला.

प्राचार्य मानसिंग सर हात पसरून पुढे आले. माणूस उत्साही आणि मनाने अगदी चांगला. अशा माणसांना आवरणं फार अवघड. "सर, तुम्हाला सरप्राईज! वडिलांना गाडी पाठवून आणलंय. आपल्या मातीतलं विज्ञान आपल्या मुलांना दिसायला नको? डोळे बांधून वय सांगायचं, मुद्दाम अनोळखी मेंढी आणलीय."

"सर, ते... वडिलांचं वय झालंय," शंभूराज म्हणाला. "त्यांना त्रास नको. राहू द्या ते."

"त्रास कसला? मी विचारलं की त्यांना. म्हणाले, लेकाचं काम हाय तर करतो."

याच्यावर काय बोलायचं? खरं बोलायचं होतं. प्राचार्यांच्या खोलीत, चार भिंतींच्या आत, एका वाक्यात सांगता आलं असतं, आणि ते काही तासांचं हसं होऊन मिटलं असतं. शंभूराजने चहा घेतला.

सभागृहात पहिल्या रांगेत गेणूतात्या बसले होते. धुतलेलं धोतर, नवा सदरा, पायाशी काठी. शंभूराज खाली वाकून पाया पडला.

"तात्या, तुम्ही नाही म्हणायचं ना."

"गाडी धाडली हुती त्यांनी. कसं न्हाय म्हनायचं?" तात्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर बरं झालं असतं. "ती मेंढी बघितली मी भायेर. गरीब हाय. लाथा मारायची न्हाय."

"तात्या, ते मी बोललो होतो ते..."

"जा तू. लोक वाट बघत्यात."

व्याख्यान चांगलं झालं. अगदी त्याच्या आजवरच्या व्याख्यानांत सगळ्यांत चांगलं, कारण आज तो प्रत्येक वाक्य लांबवत होता आणि लांबवण्यासाठी त्याला जास्त खरं सांगावं लागत होतं. ताऱ्याच्या आत दुर्बीण घालता येत नाही, त्याचा तुकडा काढून आणता येत नाही, बाहेरून बघून त्याचं वय ओळखावं तर पुष्कळ तारे बाहेरून बराच काळ सारखेच दिसतात. म्हणून थरथर मोजायची, असं त्याने समजावून सांगितलं. मुलं मन लावून ऐकत होती. मधल्या रांगेतली एक मुलगी तर भराभर लिहून घेत होती. पण कितीही लांबवलं तरी व्याख्यान संपतंच.

मानसिंग सर माईकवर आले आणि त्यांनी ती सगळी गोष्ट, काळ्या मेंढीसकट आणि चांदण्यासकट, शंभूराजपेक्षा चांगली सांगितली. मेंढी वर आणली गेली. तात्यांना व्यासपीठावर नेलं, शाल दिली, श्रीफळ दिलं, फेटा बांधला, आणि फेट्याच्या खाली, डोळ्यांवर, एक कोरा पांढरा टॉवेल बांधला.

गेणूतात्या गुडघ्यावर बसले. डावा हात त्यांनी मेंढीच्या मानेखालून घातला आणि तिचा जबडा तळव्यात धरला, तिला चुचकारावं तसा. आयुष्यभर ज्याने मेंढरं हाताळली त्याचा हात कसा फिरतो ते शंभूराजला वेगळं सांगायला नको होतं. अंगठा ओठाच्या कोपऱ्यातून आत गेला, खालच्या दातांवरून एकदा फिरला आणि बाहेर आला. मेंढीने मानसुद्धा हलवली नाही. मग तात्या पुढे सरकले, त्यांनी तिच्या कुशीला कान लावला आणि बराच वेळ तसेच राहिले.

"दोन वर्सं सरली," ते म्हणाले. "तिसरं लागलंय."

मेंढी घेऊन आलेला माणूस ओरडला, "बरुबर!" आणि टाळ्यांनी छप्पर उचललं.

शंभूराज टाळ्या वाजवत नव्हता. त्याचा बाप आठवडी बाजारात मेंढी विकायला न्यायचा तेव्हा गिऱ्हाइकाने विचारायच्या आधी तिचा अधू पाय उचलून दाखवायचा. त्यावरून आई कितीदा त्याच्याशी भांडली होती. तो माणूस आज फेटा बांधून, शाल पांघरून, बारामतीत भर सभेत लबाडी करत होता. आणि का? तर लेक लबाड ठरू नये म्हणून. व्यासपीठ दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं शंभूराजला मनापासून वाटलं.

"कुणाला काही प्रश्न?" मानसिंग सरांनी विचारलं.

लिहून घेणारी ती मुलगी उभी राहिली. "मी रेश्मा. एस. वाय. बी. एस्सी. पिंपळीची आहे. आमच्या घरी मेंढरं आहेत. सरांनी सांगितलं की ताऱ्याच्या आत बघता येत नाही, म्हणून थरथर मोजून वय काढायचं. मग तात्यांनी मेंढीचे दात का बघितले?"

"दात?" मानसिंग सर म्हणाले.

"त्यांनी अंगठा घातला होता तिच्या तोंडात. आधी. मग कान लावला." सभागृहात खसखस पिकली. पण मुलगी थांबली नाही. "मला तात्यांना काही बोलायचं नाही. मला एवढंच विचारायचंय, की वय दातावरून काढून कानावरून काढलं असं सांगितलं, तर ताऱ्याचं पण तसंच असलं तर आम्हाला कसं कळणार?"

इतका चांगला प्रश्न शंभूराजला आजवर कुणी विचारला नव्हता. पुण्यात नाही, परदेशात नाही.

मानसिंग सरांचा चेहरा लाल झाला. "खाली बस! घरी बोलावलेल्या वडीलधाऱ्या माणसाला खोटं ठरवतेस? हेच शिकवलं का आम्ही?"

"मी बघितलंय, सर," रेश्मा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आजूबाजूच्या मुली तिची ओढणी ओढून तिला खाली बसवू बघत होत्या.

"सरच सांगतील," मानसिंग सर शंभूराजकडे वळले आणि माईक त्याच्या हातात दिला. "सर, तुम्हीच सांगा हिला."

माईक हातात आला तेव्हा शंभूराजला सगळं लख्ख दिसत होतं. मुलगी चुकते आहे म्हटलं, तर खरं बोलणारी पोर साऱ्या कॉलेजात खोटी ठरणार. मुलगी बरोबर आहे म्हटलं, तर बाप लबाड ठरणार. दोघांनाही वाचवणारं वाक्य एकच होतं, आणि ते काही अवघड नव्हतं: ही गोष्ट मी रचली. त्यात फक्त त्याचं स्वतःचं जात होतं. त्याने तोंड उघडलं. समोर तीनचारशे चेहरे होते, फोनचे कॅमेरे चालू होते, आणि फ्लेक्सवरचा त्याचा फोटो दारातून दिसत होता.

"तसं बघितलं तर," तो म्हणाला, "पारंपरिक ज्ञानात बऱ्याच गोष्टी एकमेकांत मिसळलेल्या असतात. स्पर्श, श्रवण... ते इतकं सुटं करून... म्हणजे, आपण असं नाही म्हणू शकत की..."

आपण काय बोलतोय ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. रेश्माला मात्र कळलं. तिने मान खाली घातली आणि ती बसायला लागली.

तेव्हा गेणूतात्या उठले. सावकाश उठले. डोळ्यांवरचा टॉवेल सोडला, त्याची घडी घातली, ती मोडली, परत घातली आणि खुर्चीवर ठेवली. काठी घेतली. शंभूराजच्या जवळ आले आणि क्षणभर नुसतेच उभे राहिले. मग त्यांनी त्याच्या हातातला माईक काढून घेतला.

"पोरगी खरं बोलतीया," ते म्हणाले. "मी दात चाचपलं."

तात्यांनी माईक जरा जवळ घेतला.

"ह्यो बारका हुता तवाची गोष्ट हाय. दिसभर माझ्यामागं, तात्या हिचं वय किती, तात्या तिचं वय किती. मी पाठमोरा हून दात बघायचो, आन वर कुशीला कान लावून सांगायचो. पोराची गंमत करायचो. त्याला त्ये खरंच वाटलं. एवढा शिकला, येवढालं तारं मोजलं, पर आपला बाप आपल्याला खोटं सांगंल असं काय त्याच्या मनात आलं न्हाय. तर ह्यात त्याचा दोष न्हाय. माझा हाय. आन आज चार मान्सांत आपलं हसं हुईल म्हणून मी म्हातारपणी बी तीच लबाडी केली." ते रेश्माकडे वळले. "तू बसू नगं पोरी, हुबी ऱ्हा. तुझी नजर चांगली हाय. आन त्या ताऱ्याच्या तोंडात मातर मी अंगठा घातल्याला न्हाय, त्येवढं त्याचं त्येला सांगू दे."

आधी एकजण हसला, मग सगळे हसले, आणि त्या हसण्यातून टाळ्या सुरू झाल्या. मघाच्या टाळ्यांपेक्षा मोठ्या. मानसिंग सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. रेश्मा ताठ उभी होती आणि ओल्या डोळ्यांनी हसत होती. सगळं छान झालं होतं. म्हाताऱ्याचं मन केवढं मोठं, पोरगी केवढी धीट, आणि लेक केवढा भाबडा, असं जो तो शेजारच्याला सांगत होता.

भाबड्या लेकाने माईक परत घेतला आणि रेश्माच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. दुर्बिणीची मोजमापं सगळ्यांसाठी खुली असतात, तू उद्या कॉलेजच्या संगणकावर ती उतरवून घेऊ शकतेस. माझं गणित वेगळ्या लोकांनी वेगळ्या रीतीने करून पाहिलंय. आणि ते चुकलं असतं तर त्यांना ते सांगताना माझी भीड वाटली नसती. विज्ञानात तुझ्यासारखंच उभं राहायचं असतं, असंही तो म्हणाला. शब्दन्‌शब्द खरा होता. बोलताना त्याला स्वतःच्या आवाजाची किळस आली.

कार्यक्रम संपल्यावर रेश्मा त्याला गाठायला आली. "सर, सॉरी."

"कशाबद्दल?"

"मला वाटलं होतं ती गोष्ट तुम्हीच बनवून सांगितली. टाळ्यांसाठी. तुम्हाला खरंच माहीत नव्हतं हे मला कळायला पाहिजे होतं. मी मनात तुम्हाला खूप काय काय म्हटलं."

तिथे दुसरं कुणी नव्हतं. कॅमेरा नव्हता, माईक नव्हता. एक चांगली मुलगी समोर उभी राहून, तिने न केलेल्या चुकीची माफी मागत होती.

"असू दे," शंभूराज म्हणाला. "होतं असं."

आणि त्याने ती माफी घेतली.

कॉलेजची गाडी नको म्हणून त्याने तात्यांना आपल्याच गाडीत घेतलं. इंदापूरच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. तात्यांनी फेटा सोडून मांडीवर घेतला होता, शाल मागच्या सीटवर टाकली होती. पिंपळी मागे पडली. तात्या बाहेर बघत, कुठल्या रानात तोड झाली, कुठे मेंढरं बसवता येतील ते न्याहाळत होते.

"तात्या," शंभूराज शेवटी म्हणाला, "तुम्ही मला कधीच तसं सांगितलं नव्हतं. लहानपणी. तुम्हीच तर मला दात मोजायला शिकवलं."

"व्हय."

"मग कशाला बोललात तसं?"

"मग काय बोलायचं हुतं? ती पोरगी रडाय लागली हुती."

"माझं नाव सांगायचं. ह्यानेच रचलं म्हणायचं."

तात्यांनी मान हलवली. "त्ये मी सांगायचं न्हवतं. त्ये तू सांगायचं हुतं. मी वाट बघितली बाबा. सावकाश उठलो. टावेलाची घडी घालत बसलो उगं. म्हनलं आता बोलंल, आता बोलंल. तुज्याजवळ येऊन हुबा ऱ्हायलो. तू खाली बघत हुतास."

शंभूराजला समोरचा रस्ता दिसेनासा झाला. त्याने गाडी कडेला घेतली, चिंचेच्या झाडाखाली थांबवली, आणि खिशातून फोन काढला. "मी आत्ता सांगतो. मानसिंग सरांना सांगतो, त्या मुलीला सांगतो. उद्या पेपरात छापायला सांगतो. सगळं मी रचलं होतं, तुम्ही कधीच लबाडी केली नाही, सगळं सांगतो."

तात्यांनी आपला हात त्याच्या हातावर ठेवला. हात खरबरीत होता आणि त्याला मेंढरांचा वास होता. फोनसकट त्यांनी शंभूराजची बोटं मिटून टाकली.

"नगं."

"तात्या, मला सांगू द्या."

"आता न्हाय सांगता यायचं. इचार कर जरा. मी साऱ्या लोकांम्होरं म्हनलं, मी खोटं बोललो. आता तू म्हनणार, त्ये बी खोटंच हुतं. मग माझं खरं काय ऱ्हायलं रं?"

साडेसहा अब्ज वर्षांच्या ताऱ्याच्या पोटातलं शंभूराजने काढलं होतं, आणि मेंढ्यांचा वास असलेल्या या हाताखाली आपण कोण आहोत हे त्याला आज, चिंचेखाली, गाडीत बसून कळत होतं. त्याला रडू फुटलं. आजवर त्याने शरम लपवली होती आणि लपवता येते म्हणून ती सोसलीही होती. ही लपवायची गरज नव्हती, कुणालाच तिचा संशय येणार नव्हता. आणि कबूल करून मोकळं होण्याची वाट त्याच्या बापाच्या अंगावरून जात होती. रेश्मा त्याला भला माणूस समजत राहणार. गाव तात्यांना लेकाला फसवणारा बाप म्हणून चिडवत राहणार, आणि तात्या हसून "व्हय बाबा" म्हणत राहणार, जितकी वर्षं उरली आहेत तितकी.

मागून उसाचा ट्रॅक्टर आला आणि ड्रायव्हरने भोंगा वाजवला. शंभूराजची गाडी अर्धी रस्त्यावरच होती.

"चल," तात्या म्हणाले. "वाट आडीवलीयास तू. डोळं पूस आदी, आई बघंल तर काळजी करंल. तिला मी सांगतो काय झालं त्ये."

"काय सांगणार?"

"मघाशी सांगितलं त्येच," तात्या म्हणाले.

शंभूराजने डोळे पुसले आणि गाडी सुरू केली.